मधलं तिकीट

गुंडी दुपारी झोपली की ओट्यावरचं सगळं तसंच टाकून मी हात धुवायचे, ते पूर्ण कोरडे होईपर्यंत पंख्याखाली उभी राहायचे आणि मग चिमटा उचलायचे. पोस्टाच्या जुन्या तिकिटांना ओला हात चालत नाही, आणि अंगावर पिणारं मूल घरात असलं की बाईचा हात कायम कशाने ना कशाने ओला असतो. माझ्या कामातला निम्मा वेळ हात वाळवण्यातच जायचा. नवरा म्हणायचा, "तुझी निम्मी फी पंख्याला द्यायला हवी."

तिकिटं जमवणारं माणूस गेलं की मागे अल्बम राहतात, आणि त्यांचं काय करायचं हे घरात कुणालाच कळत नसतं. मग मला बोलावतात. विकण्यासारखं काय आहे आणि नुसतंच रंगीत काय आहे, हे मी सांगते. वारस एकाहून जास्त असले तर वाटे करून देते. बाबांचं जुन्या तिकिटांचं आणि नाण्यांचं दुकान होतं. तिथे काउंटरखाली बसून मी हे शिकले. बाबा सांगायचे, चित्र बघत बसू नकोस, चित्र सगळ्यांचं सारखंच. दाते बघ. तिकिटाच्या कडेला जे बारीक दाते असतात, त्यातला एखादा फाडताना आखूड राहतो, एखादा वाकतो. एका छपाईची हजार तिकिटं समोर टाकली तरी दात्यांवरून आपलं तिकीट ओळखता आलं पाहिजे.

मला यायचं.

त्या घराचं काम आलं तेव्हा गुंडी दीड वर्षाची होती. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण जन्मली तेव्हा इतकी गोल आणि घट्ट होती की गुंडीच म्हणायला लागलो. बोलायला तिने जरा उशीरच केला. तीन शब्द होते तिच्याकडे: आई, नको आणि येते. 'येते' मी शिकवलेलं. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं, मी तिला. तिने तो शब्द इतका मनावर घेतला की मोरीत पाणी जायला लागलं की पाण्याच्या वतीने हीच हात हलवायची. येते. केर सुपलीत भरला, येते. तिचा बाबा मोजे घालायला बसला की त्याच्याआधी हीच, येते, येते.

तिला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून त्या घरी मी तिला बरोबरच घेऊन जायचे.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, मान वाकवलेला दिवा आणि भिंतभर कपाटं. खिडकी उघडली की हात लांब करून शेजारच्या इमारतीची भिंत शिवता येईल इतकी ती जवळ. आतल्या खोलीचं दार बंद. तिथे फक्त पलंग आहे, असं मला सांगितलं होतं. घरभर डिंकाचा वास होता, गोडसर, लहानपणी पाकिटाला जीभ लावल्यावर तोंडात रेंगाळतो तसा. घर बंद असूनही तो शिळा वाटत नव्हता.

घर मला बोलावणाऱ्यांच्या आत्याचं होतं. ती एकटी राहिली आणि एकटीच गेली. मागे एक भाची नि एक भाचा, सख्खी बहीणभावंडं. थोरली दातांची डॉक्टर. धाकट्याचं पडद्यांचं दुकान.

"तुम्ही दाते मोजता म्हणे," पहिल्याच दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या."

"फरक एवढाच की यांची तिकिटं ओरडत नाहीत," धाकटा म्हणाला. "तुझे पेशंट खालच्या चौकापर्यंत ऐकू येतात, पक्कड."

"ढब्या, तू एकदा ये खुर्चीत. तुझंही ऐकवते चौकाला."

पन्नाशीकडे झुकलेली माणसं, पण ती भेटली की अशीच सुरू व्हायची. पक्कड आणि ढब्या. मला ते आवडायचं. बहुतेक घरांत वाटे करताना माणसं एकमेकांशी गोड बोलतात, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो.

डॉक्टरबाईंनी गुंडीला मांडीवर घेतलं आणि सवयीने तिचा ओठ वर करून बघितला. "अगं बाई, हा कोपरा कुठे ठेवून आलीस?"

वरच्या, पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. पलंगाच्या कडेवर आपटली होती. मी विचारलं, काही करायला हवं का?

"दुधाचा आहे. पडेल तेव्हा पडेल."

त्या कोपऱ्याची धार मला फार ओळखीची होती. पिताना ती बारीकशी टोचायची. पडदे ओढलेल्या खोलीत, अर्धवट झोपेत, डोळे न उघडता कळायचं की ही आली. माझीच.

काम बरेच दिवस चाललं. गुंडी सतरंजीवर अल्बमची रिकामी खोकी एकावर एक रचायची, मी टेबलावर वाटे करायचे. देशांप्रमाणे, मग सालाप्रमाणे, मग डागाळलेली वेगळी, कोरी वेगळी. धाकटा मधूनमधून डोकवायचा आणि दोन ढिगाऱ्यांकडे डोळा बारीक करून बघायचा, पडद्याचं कापड मापावं तसा. "हा ढीग बोटभर मोठा वाटतोय, तिकीटवाल्या मॅडम."

"तो स्वस्तातला आहे."

"मग तो पक्कडला."

एका कपाटात जुनी पाकिटं निघाली. तिकिटं लावलेली, शिक्के बसलेली, सगळी आत्याच्या पत्त्यावर आलेली. धाकट्याने लगेच बाह्या सरसावल्या. "ही सगळी कोमट पाण्यात टाकू. सुटतील. शाळेत आम्ही हेच करायचो."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "हे बघा, शिक्का अर्धा तिकिटावर आहे, अर्धा पाकिटावर. आमच्यात याला 'बांधलेलं' म्हणतात. हे तिकीट ह्याच पाकिटाचं, याचा एवढा एकच पुरावा असतो. भिजवून सोडवलं की संपलं. मग ते कुणाचं होतं ते जगात कुणालाही सांगता येत नाही. नवखी माणसं हीच चूक करतात."

"आणि हा मागचा गोल?"

"पोहोचल्याचा. पूर्वी पत्र निघालं की समोर शिक्का मारायचे आणि पोहोचलं की पाठीवर."

डॉक्टरबाईंनी एक पाकीट उलटसुलट केलं. "पण ही तर उघडलीच नाहीत तिने."

खरं होतं. एकही उघडलेलं नव्हतं. मी एक दिव्यासमोर धरलं. मग दुसरं, मग तिसरं. आत काहीच नव्हतं. कुणी आणि कशासाठी पाठवली असतील, यावर आम्ही थोडे तर्क लढवले. आत्या स्वतःच स्वतःला पाठवत असेल, असं धाकटा म्हणाला, आणि त्यावर कुणी हसलं नाही. मी पाकिटं वाट्यात टाकली.

शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर ती पट्टी होती.

तीन तिकिटं, एकमेकांना जोडलेली. राखाडी निळा रंग. चित्रात चढ चढत जाणारा एक रस्ता आणि त्याच्या टोकाला घर. वरच्या कडेला अक्षरं होती, पण ती लिपी मी कधी पाहिलेली नव्हती. किंमत कुठेच छापलेली नव्हती. मी तिन्ही तिकिटं दिव्याखाली भिंगातून इंच इंच बघितली. कोरी होती. एकही शिक्का नाही, पाठीवरचा डिंक चकचकीत. माझ्याकडच्या सगळ्या सूच्या चाळल्या. कुठेही नोंद नव्हती.

"म्हणजे मौल्यवान?" धाकट्याने विचारलं.

"किंवा कुणीतरी गंमत म्हणून छापलेली. मला सांगता येत नाही. पण तोडू नका. जोडलेल्या पट्टीला जी किंमत असते ती सुट्या तिकिटांना नसते. मी ही जाणकाराकडे पाठवते."

बाकी सगळे वाटे शांतपणे झाले होते. घोडं अडलं ते इथे. बहीण म्हणाली, तोवर माझ्याकडे ठेवते. भाऊ म्हणाला, तुझ्याकडे का? ती म्हणाली, तुझ्या दुकानात धूळ असते. तो म्हणाला, तुझ्या दवाखान्यात थुंकी असते. सुरुवातीला दोघं हसत होती. मग हसणं थांबलं तरी बोलणं चालूच राहिलं. आत्याच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, तिथपर्यंत गोष्ट गेली.

"अर्धं म्हणजे अर्धं," असं म्हणून धाकट्याने पट्टी उचलली, दात्यांच्या रेषेवर घडी घातली आणि फाडली.

फार बारीक आवाज झाला. सतरंजीवर गुंडीने मान वर केली.

"म्हणजे तुला दोन आणि मला एक?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे तुझं अर्धं?"

त्याने पुन्हा फाडलं. या वेळी घाईत.

"येते," गुंडी म्हणाली.

ती आमच्याकडे बघत नव्हती. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होती. हात हलवत नव्हती. एरवी तो शब्द ती खेळासारखा उच्चारायची. आता मात्र कुणी हाक मारल्यावर हातातलं काम न सोडता आपण उत्तर देतो, तशी म्हणाली.

"कोण बोलावतंय गं तुला?" डॉक्टरबाई हसल्या. त्या हसण्याने खोलीतला ताण जरा सैल झाला. दोघांनी आपापलं एकेक तिकीट उचललं. मधलं हिरव्या कापडावर तसंच राहिलं. दोन्ही बाजूंनी फाटलेलं. उजवीकडचा, वरून तिसरा दाता आखूड राहिला होता. ते मी लगेच बघितलं, दुसरं काही बघता येतच नाही मला.

"हे बाळाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चालेल," धाकटा म्हणाला. "तुला नको. बाळाला चालेल."

भांडण मिटलं याचंच मला हायसं वाटलं. मी तिकीट पारदर्शक पाकिटात घातलं आणि गुंडीच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दुपारी ती झोपल्यावर मी ते बाहेर काढलं.

उजव्या वरच्या कोपऱ्यावर शिक्का होता. पूर्ण नव्हे. गोलाची पाव कमान, काळी, रेखीव. मी हात पुन्हा वाळवले, भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला. कमान होती तिथेच होती. नाक जवळ नेलं तर ताज्या शाईचा वास आला.

"आधीचाच असेल," संध्याकाळी नवरा म्हणाला. "तुझ्या नजरेतून सुटला."

"माझ्या नजरेतून शिक्का सुटत नाही."

"परवा भाजीत दोनदा मीठ घातलंस. तेही नजरेतून सुटलंच होतं ना?"

मीठ घातलं होतं, हे खरं. पण मला खुपत होतं ते वेगळंच. पाव कमान तिकिटावर पडली तर उरलेला पाऊण गोल कुठेतरी पडलाच असणार. ज्याच्यावर तिकीट लावलेलं असतं, त्याच्यावर. हे तर कशावरच लावलेलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. जरा दवाखान्यात येता का, एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, त्यांच्या तिकिटावरही शिक्का उमटला असेल आणि आता मला बोल लावतील. गुंडीला कडेवर घेऊन मी गेले.

बाहेर बाकावर धाकटा बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मला बघून उठून उभा राहिला.

"बसा ना," तो म्हणाला. "ताईंना थोडा वेळ लागेल."

ताईंना.

एरवी तो गुंडीला बघून गाल फुगवायचा, कान ओढून दाखवायचा. त्या दिवशी त्याने तिच्याकडे बघितलं आणि हलकेच मान झुकवली, ओळखीच्या मोठ्या माणसाला बघून झुकवतात तशी. गुंडी माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली.

आतल्या खोलीत डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. "बाहेर बघितलंत त्याला?"

"हो."

"मला अहो-जाहो करतोय तो."

"चिडले असतील. त्या दिवशीचं..."

"चिडला की पक्कड म्हणतो. खूश असला तरी पक्कड म्हणतो. आमचे वडील गेले तेव्हा दारात मला मिठी मारून रडला, तेव्हाही पक्कडच म्हणाला." त्या खुर्चीच्या हातावर टेकल्या. "दुकानातून निघताना फोन केला त्याने, येतो म्हणून. आला. दारात उभा राहून म्हणाला, पोहोचलो, ताई. तेव्हापासून हे असं. काल मी त्याला या खुर्चीत बसवलं. त्याचे सगळे दात माझ्या हातचे आहेत. काढलेले, भरलेले, सगळे. तोंड उघड म्हटलं. उघडलं त्याने."

"आणि?"

दार वाजलं. धाकट्याने डोकं आत घातलं. "पुढच्या पेशंटना पाठवू का, ताई?"

"नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. दार बंद झालं, पण पावलं दूर गेली नाहीत. त्यांनी डाव्या हातातला हातमोजा काढून मनगट माझ्यासमोर धरलं.

मनगटावर काळा गोल होता. पूर्ण नव्हे, पाऊण.

"दिवसभर हातमोजे असतात माझे," त्या कुजबुजल्या. "आत शाई कुठून येईल?"

मी पर्समधलं भिंग काढलं. गोल जिथे तुटत होता तिथली कड सरळ नव्हती. बारीक दाते होते, एकसारखे, ओळीने. त्वचेवर तिकीट ठेवून वरून शिक्का मारला आणि मग तिकीट उचललं तर जशी कड राहील, अगदी तशी.

डॉक्टरबाईंनी खणातून आपलं तिकीट काढलं. त्याच्या कोपऱ्यावर पाव कमान होती. त्यांनी ते मनगटापाशी आणलं.

"लावू नका," मी म्हटलं.

त्यांनी लावलं. गोल पूर्ण झाला.

बाहेर पडताना धाकट्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. "बाळाचंही निघालं असेल ना," तो म्हणाला. ते त्याने विचारलं की सांगितलं, मला कळलं नाही.

मी जिन्यातच गुंडीच्या बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटं, कोपर, गळा, पोटऱ्या. काही नव्हतं. पायरीवर बसून मी तिच्या तळव्यांचे मुके घेतले आणि ती खिदळली. तो उडालेला कोपरा दिसला. आम्ही चालत घरी आलो, कारण मला तिला खाली ठेवायचंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी ती झोपेतून उठली आणि हात पुढे करून मला दाखवायला आली. खूश होती.

"येते," ती म्हणाली.

मनगट इतकं लहान की गोल जवळजवळ पलीकडे वळला होता. पाऊण गोल. तुटलेल्या कडेला दाते. भिंगाची गरजच नव्हती. त्यातला एक आखूड होता.

नवऱ्याला फोन केला. "पेन मिळालं असेल तिला. साबण लाव," तो म्हणाला. साबण लावला. तेल लावलं. पुन्हा साबण. ती कुरकुरायला लागली, त्वचा लाल झाली, काळं तसंच. आणि मधूनच ती दाराकडे मान वळवायची, ऐकल्यासारखी, आणि म्हणायची, येते.

मी कपाटातून तिकीट काढलं. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. फाडायचं की जाळायचं, असं काहीसं मनात होतं. पण हात ओले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ओल्या हाताने तिकीट उचललं, डिंक बोटाला धरला, तिने उत्सुकतेने हात पुढे केला आणि ते तिच्या मनगटावर बसलं. जागच्या जागी. आखूड दात्यासकट.

मी नखाने कड उचलून बघितली. निघेना. ओढलं तर ती रडली.

पाकिटापासून तिकीट सोडवायची एकच रीत मला येते.

मी बेसिनमध्ये पाणी घेतलं. कोपराने बघितलं, तिच्या आंघोळीचं बघते तसं, कोमट आहे ना. तिला कमरेवर घेऊन तिचा हात पाण्यात धरला. तिने रडणं थांबवलं आणि बोटांनी पाणी उडवायला लागली. माझ्या तोंडावर, आरशावर. मी तिच्या कानाशी काहीबाही बोलत होते, चिऊचं, काऊचं, जे सुचेल ते. आधी कडा सुटल्या. मग तिकीट सरकलं आणि पाण्यावर आलं. काळ्या शाईचा एक धागा पाण्यात उतरला, वळला आणि विरून गेला.

मनगट स्वच्छ होतं. तिकीटही कोरं झालं होतं.

मी खाली फरशीवर बसले आणि तिला घट्ट धरून रडले. तिने माझे गाल थोपटले.

मग डॉक्टरबाईंची आठवण झाली. ओल्या हातानेच फोन लावला. "ऐका," मी म्हटलं, "कोमट पाण्यात धरा हात. सुटतं. शाईसुद्धा जाते. आत्ता धरा, लगेच."

"तुमचे फार आभार," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, शांत, नीट. "आपण काळजी करू नये. मी पोहोचले."

फोन ठेवल्यावर आठवलं, मी स्वतः काय सांगितलं होतं. भिजवून सोडवलं की संपलं. मग ते कुणाचं होतं ते जगात कुणालाही सांगता येत नाही. नवखी माणसं हीच चूक करतात.

गुंडी माझ्याकडे पाठ करून बेसिनखालच्या बादलीशी उभी होती. तिचा फ्रॉक पाण्याने भिजला होता. सर्दी होईल म्हणून मी तो मागून वर केला.

दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये शिक्का होता. पूर्ण गोल, कुठेही न तुटलेला. आत त्या लिपीतली अक्षरं.

पाठीवर.

"गुंडी," मी हाक मारली.

ती वळली. "आले," ती म्हणाली.

हा शब्द मी तिला शिकवला नव्हता.

पाठीवरचा शिक्का रात्रीपर्यंत पुसट झाला आणि सकाळी नव्हताच. नवऱ्याला दाखवायला काही उरलं नाही. त्याच्या मते पोरगी एकदम शहाणी झाली आहे. हट्ट नाही, खोकी पाडणं नाही. पाणी मोरीत गेलं तरी ती गप्प उभी राहते. दुपारी खूप वेळ झोपते, कूसही बदलत नाही. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे. हेही मी त्याच वेळात लिहिते आहे. मधलं तिकीट टॉवेलवर पालथं वाळवून ठेवलं आहे, आखूड दाता जिथे होता तिथेच आहे. मी ते रोज बघते.

उठली की ती माझ्याजवळ येते. मी पडदे ओढते, तिला जवळ घेते आणि डोळे मिटते. ती हळू पिते, जपून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी. मी श्वास धरून वाट बघते.

तो कोपरा टोचत नाही.